साडेतीनशे रुपयांचा फरक: पतसंस्थेच्या जमा-फाइलमध्ये गिळले गेलेले एक्सेप्शन

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातली एक नागरी सहकारी पतसंस्था, मुख्य कार्यालय आणि सहा शाखा. ओळख पटू नये म्हणून इथल्या रकमा आणि नोंदींची संख्या बदलली आहे.

संस्थेचा मोठा व्यवहार पिग्मीचा. सकाळी शाखेत एजंटच्या हातातल्या मशीनमध्ये खात्यांची यादी भरली जाते. एजंट दिवसभर दुकानादुकानांतून पैसे गोळा करतो आणि जागेवरच पावती काढून देतो. संध्याकाळी तो रोकड कॅशियरकडे भरतो आणि मशीनमधली फाइल संगणकावर उतरवली जाते. हिशेबाच्या बाजूने याचे दोन टप्पे होतात. आधी रोकड एजंटच्या वसुली खात्यावर जमा होते. मग फाइलमधल्या प्रत्येक ओळीसाठी वसुली खाते नावे पडते आणि ठेवीदाराचे खाते जमा होते. सगळे सुरळीत झाले की वसुली खाते शून्यावर येते.

सॉफ्टवेअर जावा ८ मध्ये लिहिलेले, स्प्रिंग आणि हायबरनेट या तयार चौकटींवर चालणारे, डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल. या प्रकरणाशी संबंध येतो तो प्रोग्रामच्या दोन भागांचा, म्हणजे क्लासेसचा. पहिला फाइल वाचून ओळीमागून ओळ पुढे देणारा, त्याला इथे ‘फाइलजमा’ म्हणू. दुसरा एका ओळीच्या दोन्ही बाजू लिहिणारा, तो ‘नोंदजमा’. दोघांच्याही मेथडवर (क्लासमधल्या कामाच्या तुकड्यावर) ट्रान्झॅक्शनचे, म्हणजे सगळे बदल एकत्र बसतील किंवा एकही बसणार नाही असे सांगणारे, अॅनोटेशन होते आणि ते मूळ सेटिंगवर होते. त्यामुळे आतली मेथड स्वतःचे ट्रान्झॅक्शन उघडत नव्हती, बाहेरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सामील होत होती.

दोन आठवड्यांपूर्वी एक बदल झाला होता. बंद झालेल्या खात्यावरही पैसे जमा होतात अशी तक्रार आल्याने ‘नोंदजमा’मध्ये तपासणी घातली गेली: खाते बंद असेल तर ‘खातेबंद’ नावाचे नवे एक्सेप्शन (नेहमीचा क्रम मोडून चूक कळवणारे ऑब्जेक्ट) फेकायचे. हा क्लास जावाच्या मूळ एक्सेप्शन क्लासवरून थेट वारसा घेणारा, म्हणजे चेक्ड प्रकारचा (कंपायलर ज्याची दखल घ्यायला लावतो असा) होता. बदल योग्य होता, मागणीही रास्त होती.

अडचण

दिवाळी आठवड्यावर आली होती आणि पिग्मी मोडायला शाखेत गर्दी होती. एका शाखेत संध्याकाळी एजंटची २१२ ओळींची, ३१,४५० रुपयांची फाइल उतरवली. स्क्रीनवर संदेश आला, ‘फाइल जमा झाली, २१२ नोंदी’. एजंटचे वसुली खाते शून्य झाले, रोकडही जुळली. रात्री दिवसअखेर करायला घेतली तर तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा) जुळेना. नावे बाजू ३५० रुपयांनी जास्त. दोन बाजू सारख्या नसतील तर प्रणाली दिवस बंद करू देत नाही, त्यामुळे काम तिथेच अडले.

लेखापालांनी पहिला प्रश्न विचारला तो नेमका होता: “एकेरी नोंद पडलीच कशी? व्हाउचरच्या स्क्रीनवर मी ठरवून टाकायला गेलो तरी ती पडत नाही.”

त्या रात्री लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या रोजनिशीत, काहीच सापडले नाही. ना त्रुटी, ना इशारा. शेवटी एजंटच्या फाइलमधल्या ओळी आणि ठेवीदारांच्या जमा नोंदी समोरासमोर ठेवून तीन ओळी वेगळ्या काढल्या: १०० रुपये, २०० रुपये आणि ५० रुपये. तिघांनी सकाळी दुकानात एजंटला पैसे दिले होते आणि दुपारी शाखेत येऊन पिग्मी मोडली होती. मशीनमधली यादी सकाळची, त्यामुळे मशीनच्या लेखी ती खाती चालू होती.

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. दिवस बंद करायचा तर डेटाबेसमध्ये हाताने नोंद घालणे भाग होते. सोपा मार्ग होता तो राहिलेल्या तीन जमा नोंदी घालण्याचा. त्याने तेरीज जुळली असती, पण बंद खात्यांवर पुन्हा पैसे बसले असते, म्हणजे ज्या तक्रारीवरून तपासणी आली तिथेच परत. म्हणून उलटे केले. तीन ओळींच्या नावे नोंदींना तेवढ्याच रकमेच्या उलट नोंदी टाकल्या, प्रत्येकीत कारण लिहिले, व्यवस्थापकांची लेखी मंजुरी फाइलला लावली. मूळ नोंद पुसली नाही. आता वसुली खात्यावर ३५० रुपये शिल्लक दिसू लागले आणि तेच खरे होते: पैसे संस्थेकडे आले आहेत, पण कोणाच्या खात्यावर बसलेले नाहीत. तिथून साध्या व्हाउचरने ते सस्पेन्स खात्यात (रकमेचा निकाल लागेपर्यंत ती ठेवण्याच्या खात्यात) नेले.

शोध: एक्सेप्शन फेकले गेले, मग गेले कुठे?

दुसऱ्या दिवशी चाचणीच्या प्रतीवर एक खाते बंद करून पाच ओळींची फाइल चढवली. घोळ पहिल्याच प्रयत्नात पुन्हा घडला. कोड वाचल्यावर चार गोष्टी एकावर एक बसलेल्या दिसल्या. यांपैकी कोणतीही एक नसती तर त्या रात्री दिवस अडला नसता, किंवा निदान कारण पाच मिनिटांत कळले असते.

पहिली गोष्ट कंपायलरला गप्प करण्याची. चेक्ड एक्सेप्शन फेकणारी मेथड बोलावली की कंपायलर विचारतो: पकडतोस, की पुढे जाहीर करतोस? ‘फाइलजमा’मध्ये ओळींवरचे चक्र फॉर-ईच आणि लॅम्डाने (जागेवरच लिहिलेल्या बिननावाच्या मेथडने) लिहिले होते. लॅम्डा ज्या इंटरफेसची मेथड पुरी करतो, तिच्या सहीत चेक्ड एक्सेप्शन जाहीर केलेले नाही, आणि वारसा घेणारी मेथड मूळ सहीपेक्षा जास्त चेक्ड एक्सेप्शन जाहीर करू शकत नाही. म्हणजे पुढे जाहीर करण्याचा रस्ता बंद. उरले पकडणे. एडिटरने लाल रेघेवर जो तयार तुकडा सुचवला तोच राहिला: त्या हाकेभोवती ट्राय (करून पाहा), त्याखाली कॅच (एक्सेप्शन पकडा), आणि कॅचच्या आत स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठे झाली याचा माग, छापण्याची एक ओळ. कोड कंपाइल झाला. पण त्या कॅचने ‘ही ओळ फसली’ हे कोणालाच सांगितले नाही आणि चक्र पुढच्या ओळीवर गेले. शिवाय कॅचमध्ये ‘खातेबंद’ नव्हे, सगळ्यांचा पूर्वज असलेला एक्सेप्शन क्लास लिहिला होता. कॅच प्रकारावर जुळतो आणि त्या प्रकाराच्या सर्व वंशजांना पकडतो, म्हणून उद्या नल पॉइंटरची (नसलेल्या ऑब्जेक्टला हात घालण्याची) चूक झाली असती तर तीही त्याच खड्ड्यात गेली असती.

दुसरी गोष्ट लॉगची. स्टॅक ट्रेस छापणारी ती मेथड एरर स्ट्रीमवर लिहिते, लॉगरकडे जात नाही. सर्व्हरवर प्रोग्राम चालू करणारी स्क्रिप्ट एरर स्ट्रीम टाकून देत होती. पुरावा तयार होत होता आणि त्याच क्षणी नाहीसा होत होता.

तिसरी गोष्ट मोजणीची. ‘किती नोंदी झाल्या’ हा आकडा फायनली ब्लॉकमध्ये वाढवला जात होता. फायनली एक्सेप्शन आले तरी चालते, त्यासाठीच ते आहे. कनेक्शन सोडणे, फाइल बंद करणे ही त्याची कामे. यशाची मोजणी तिथे ठेवली की अपयशही यशात मोजले जाते. म्हणून २१२ पैकी २०९ झाल्या असताना स्क्रीनवर २१२ दिसले.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण एकेरी नोंदीचे खरे कारण तीच. ‘नोंदजमा’ आधी वसुली खाते नावे टाकत होता, मग ठेवीदाराचे खाते उघडून तपासत होता. तपासणीत एक्सेप्शन आले तेव्हा पहिली बाजू लिहून झालेली होती. प्रोग्रामरचा समज असा की एक्सेप्शन बाहेर पडले म्हणजे रोलबॅक होणारच, म्हणजे ट्रान्झॅक्शनमधले सगळे बदल मागे घेतले जाणारच. स्प्रिंगचा मूळ नियम तसा नाही. रनटाइम एक्सेप्शन (कंपायलर ज्याबद्दल विचारत नाही असे) किंवा एरर बाहेर पडली तरच स्प्रिंग आपणहून रोलबॅक करते. चेक्ड एक्सेप्शन बाहेर पडले तर ते ‘अपेक्षित उत्तर’ मानते आणि कमिट करते, म्हणजे बदल कायम करते. हा संकेत एंटरप्राइझ जावा बीन्सच्या काळापासूनचा आहे. तिथेही प्रणालीच्या बिघाडावर आपोआप रोलबॅक होत असे आणि ॲप्लिकेशनच्या चेक्ड एक्सेप्शनवर होत नसे. नियम माहीत असेल तर तो वापरता येतो. माहीत नसेल तर अर्धी नोंद कमिट होते आणि कुठेही लाल अक्षर उमटत नाही.

पहिली दुरुस्ती आणि तिने केलेले नुकसान

कारण कळल्यावर दुरुस्ती एका शब्दाची वाटली: ‘खातेबंद’चा पूर्वज बदलून रनटाइम एक्सेप्शन करायचा. सोबत कॅचमध्ये लॉगरची ओळ घातली आणि मोजणी फायनलीतून काढून ट्रायच्या शेवटी आणली. एका बंद खात्याची एकच ओळ असलेली फाइल चालवून पाहिली. ओळ नाकारली गेली, एकेरी नोंद पडली नाही. दोन दिवसांत बदल सर्व शाखांना लागू झाला.

लागलीच दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या एका शाखेत १८८ ओळींची फाइल आली, तिच्यात एक खाते बंद. चक्र शेवटच्या ओळीपर्यंत व्यवस्थित गेले आणि अगदी शेवटी स्क्रीनवर ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ असे आले. एकही नोंद बसली नव्हती. कॅशियरने संदेशात सांगितले तसेच केले आणि फाइल आणखी दोनदा चढवली.

कारण असे. आतली मेथड बाहेरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सामील होती. तिच्यातून रनटाइम एक्सेप्शन बाहेर पडले तेव्हा स्प्रिंगने त्या सामायिक ट्रान्झॅक्शनवर ‘आता फक्त रोलबॅक’ अशी खूण केली. बाहेरच्या चक्राने एक्सेप्शन पकडले, पण खूण पुसली जात नाही. उरलेल्या ओळी त्याच खुणेच्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिल्या गेल्या आणि शेवटी कमिट करायला गेल्यावर अनएक्स्पेक्टेड रोलबॅक एक्सेप्शन आले. कॅच लिहून एक्सेप्शन थांबवता येते, डेटाबेसमध्ये त्याने आधीच जे घडवले ते थांबवता येत नाही.

नुकसान पैशांचे झाले नाही, विश्वासाचे झाले. ठेवीदाराला जाणारा ‘आपल्या खात्यावर अमुक रुपये जमा’ हा एसएमएस ‘नोंदजमा’च्या कोडच्या शेवटच्या ओळीत, म्हणजे कमिटच्या आधी पाठवला जात होता. १८७ ठेवीदारांना तीन वेळा संदेश गेला, एकूण ५६१ संदेश, आणि खात्यावर एक रुपयाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट बाजारात गेला तेव्हा प्रत्येक दुकानात त्याला जाब द्यावा लागला. चूक प्रोग्रामची, बोलणी खाल्ली दारोदार फिरणाऱ्या माणसाने. पैशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एवढ्याशा’ कॅचचे वजन इतके असते.

चाचणीत हे दिसले नाही, कारण चाचणीची फाइल एका ओळीची होती. ती ओळ नाकारली जाणे आणि सगळी फाइल रोलबॅक होणे, दोन्ही बाहेरून सारखेच दिसते.

समोर आलेले पर्याय

यानंतर व्यवस्थापक, लेखापाल आणि दोन प्रोग्रामर एकत्र बसले. चार पर्याय मांडले गेले.

पहिला: पूर्ण फाइल किंवा काहीच नाही. एक ओळ फसली की सगळे रोलबॅक, चूक सुधारून फाइल पुन्हा चढवायची. हिशेबाला सर्वांत स्वच्छ. पण एका बंद खात्यापायी १८७ माणसांचे पैसे लटकणार आणि मशीनची फाइल शाखेत बदलायची तर नवाच धोका. या पर्यायाच्या बाजूने ‘शंका आली की थांबलेले बरे’ असे म्हटले गेले. तत्त्व चांगले आहे, पण काय थांबवायचे हे ठरवल्याशिवाय ते घातक ठरते. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिशा सांगणाऱ्या संगणकाने ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायचा प्रयत्न केला. आकडा मावला नाही आणि त्या रूपांतरणाला एक्सेप्शनचे संरक्षण नव्हते. कोणतेही एक्सेप्शन आले की तो संगणक बंद करायचा, असे धोरण ठरलेले होते. जोडीचा राखीव संगणक त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. उड्डाणाला चाळीस सेकंद होतात न होतात तोच रॉकेट नष्ट झाले. ज्या भागात ती चूक झाली त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती. इथेही तोच प्रश्न होता: एका खात्याची अडचण किती दूर पसरू द्यायची?

दुसरा: बाहेरचे ट्रान्झॅक्शन ठेवायचे, पण प्रत्येक ओळीसाठी आत स्वतंत्र नवे ट्रान्झॅक्शन उघडायचे. अॅनोटेशनमध्ये एक सेटिंग बदलले की झाले, म्हणून मोह मोठा. पण आतले ट्रान्झॅक्शन वेगळे कनेक्शन मागते आणि बाहेरचे आपले सोडत नाही, म्हणजे एका फाइलला दोन कनेक्शने. हिकारी या कनेक्शन पूलची (डेटाबेसच्या जोडण्यांच्या सामायिक साठ्याची) मूळ मर्यादा १० आहे. साडेसहा ते साडेसातच्या गर्दीत दहा फाइली एकदम सुरू झाल्या तर दहाही कनेक्शने बाहेरच्या ट्रान्झॅक्शनांकडे जातात, आतले एकही पुढे सरकत नाही, आणि मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांनी सगळ्यांना टाइमआउट. दुसरा सापळा याहून वाईट: बाहेरच्याने एजंटच्या खात्याची डेटाबेसमधली ओळ बदलून तिच्यावर लॉक धरले असेल आणि आतल्याला तीच ओळ बदलायची असेल, तर आतले बाहेरच्याची वाट पाहते आणि बाहेरचे आतल्याची. डेटाबेसला यात डेडलॉक (एकमेकांची वाट पाहण्याची कोंडी) दिसत नाही, कारण बाहेरचे ट्रान्झॅक्शन डेटाबेसमध्ये कशाचीच वाट पाहत नसते. ते जावाच्या कोडमध्ये अडकलेले असते.

तिसरा: बाहेरचे ट्रान्झॅक्शनच काढायचे. प्रत्येक ओळ तिच्या दोन बाजूंसह एक पूर्ण ट्रान्झॅक्शन. फाइलची स्थिती वेगळ्या तक्त्यात.

चौथा: एक्सेप्शन नकोच. आधी सर्व ओळी तपासायच्या, बंद खाती वेगळी काढायची, मग जमा करायचे. तरुण प्रोग्रामरचा आग्रह असा की बंद खाते ही रोजची, ठाऊक असलेली गोष्ट आहे, तिला ‘अपवाद’ म्हणणेच चूक. मुद्दा वजनदार आहे. कॉटलिन आणि सी-शार्पमध्ये तर चेक्ड एक्सेप्शन हा प्रकारच नाही, आणि अपेक्षित नकार परतीच्या मूल्यातून सांगावा असे मानणारे पुष्कळ आहेत. पण तपासणी आणि जमा यांच्यामध्ये काही सेकंद जातात आणि त्या सेकंदांत दुसऱ्या काउंटरवर खाते बंद होऊ शकते. आधी तपासले म्हणून नंतरची तपासणी टाळता येत नाही.

निवड तिसऱ्याची झाली, चौथ्यातला अर्धा मुद्दा घेऊन. ओळीच्या ट्रान्झॅक्शनच्या आत नकार एक्सेप्शनच्या रूपात राहील, कारण त्यानेच दोन्ही बाजू एकत्र रोलबॅक होतात. ट्रान्झॅक्शनच्या सीमेबाहेर पडताच त्याचे रूपांतर ‘निकाल’ नावाच्या साध्या ऑब्जेक्टमध्ये होईल: जमा, नाकारली किंवा आधीच जमा. कॅचची जागा आणि ट्रान्झॅक्शनची सीमा एकच. पूर्ण प्रकरणातला हाच कळीचा निर्णय.

केलेली कारवाई

एक्सेप्शनची वंशावळ आधी कागदावर काढली. ‘नोंदनाकारली’ हा पूर्वज, रनटाइम प्रकारचा. त्याखाली ‘खातेबंद’, ‘खातेगोठवलेले’ आणि ‘रकमेचीमर्यादा’ हे वंशज. एक्सेप्शन हे ऑब्जेक्टच असल्याने त्याला स्वतःची माहिती बाळगता येते, म्हणून खाते क्रमांक, पावती क्रमांक आणि कारणाचा कोड हे तीन गुणधर्म पूर्वजातच ठेवले. संदेशाच्या वाक्यात माहिती कोंबायची नाही. वाक्य माणसासाठी, गुणधर्म प्रोग्रामसाठी. उद्या नवे कारण आले तर नवा वंशज लिहायचा, पकडणाऱ्या कोडला हात लावायचा नाही.

‘फाइलजमा’तले अॅनोटेशन काढले, लॅम्डा काढून साधे चक्र लिहिले. ‘नोंदजमा’ आधीपासून वेगळा क्लास होता हे बरे झाले. स्प्रिंगचे ट्रान्झॅक्शन प्रॉक्सीमधून (क्लासच्या पुढे उभ्या केलेल्या प्रतिनिधी ऑब्जेक्टमधून) चालते आणि मेथड त्याच क्लासमधून बोलावली तर प्रॉक्सी वगळली जाते, ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. ‘नोंदजमा’तही तपासणी आधी आणि लिखाण नंतर असा क्रम लावला. रोलबॅक भरवशाचा असला तरी आधी लिहून मग विचारण्यात अर्थ नव्हता.

कॅचचा क्रम असा ठरला. सर्वांत आधी ‘नोंदनाकारली’: ओळ नाकारलेल्या नोंदींच्या तक्त्यात जाते आणि चक्र पुढे सरकते. मग तात्पुरते तांत्रिक अडथळे: एक, दोन आणि चार सेकंद थांबून तीनदा पुन्हा प्रयत्न, तरी जमले नाही तर फाइल तिथेच थांबते आणि ‘अपूर्ण’ म्हणून नोंदली जाते. बाकी कशालाही, नल पॉइंटर धरून, चक्रात पकडायचे नाही. ती प्रोग्रामची चूक आहे, पुढच्या ओळीवरही ती होणार, म्हणून फाइल थांबते आणि पूर्ण स्टॅक ट्रेससह प्रोग्रामरला निरोप जातो.

पुन्हा प्रयत्नाच्या भागात चाचणीत एक खड्डा सापडला. स्प्रिंगमध्ये डेटाबेसच्या तात्पुरत्या अडचणींसाठी ट्रान्झियंट डेटा अॅक्सेस एक्सेप्शन हा पूर्वज आहे, तोच पकडला होता. डेटाबेस मुद्दाम बंद केल्यावर मात्र कॅच लागलाच नाही. ट्रान्झॅक्शन सुरू करतानाच कनेक्शन मिळाले नाही तर येणारे एक्सेप्शन ट्रान्झॅक्शन एक्सेप्शनच्या वेगळ्याच कुळातले असते. नावावरून अंदाज बांधून भागत नाही, वंशावळ उघडून पाहावी लागते. दुसरा कॅच घातला.

पुन्हा प्रयत्न आले की दुहेरी नोंदीची भीती येते. कमिट चालू असताना जोडणी तुटली तर कमिट झाले की नाही हे प्रोग्रामला कळतच नाही. म्हणून मशीनचा क्रमांक, तारीख आणि पावती क्रमांक मिळून एक अनन्य निर्बंध डेटाबेसमध्ये घातला. तीच ओळ पुन्हा आली तर डेटाबेस नकार देतो आणि निकाल ‘आधीच जमा’ होतो. हा नकार ‘नोंदजमा’च्या आत पकडायचा प्रयत्न फसला, आणि तो फसणारच होता. हायबरनेट इन्सर्ट बहुधा राखून ठेवते आणि कमिटच्या वेळी पाठवते, त्यामुळे एक्सेप्शन मेथडचा ट्राय संपल्यावर येते. शिवाय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एक विधान फसले की ते ट्रान्झॅक्शन रोलबॅक होईपर्यंत पुढचे प्रत्येक विधान नाकारले जाते. पकडायची जागा पुन्हा तीच, सीमेबाहेर.

एसएमएस कमिटनंतरच्या घटनेवर नेला. तो पाठवताना आलेले एक्सेप्शन लॉगमध्ये जाते, संदेश रांगेत परत जातो, जमा नोंदीला धक्का लागत नाही.

शेवटी सगळा कोड चाळला. सर्वसाधारण एक्सेप्शन पकडणाऱ्या ४७ जागा निघाल्या, त्यांतल्या ९ कॅच रिकाम्या. व्याज आकारणीच्या एका मेथडमध्ये फायनलीत रिटर्न होते. फायनलीतून परत फिरले की बाहेर निघालेले एक्सेप्शन कायमचे हरवते. आणखी काही ठिकाणी मूळ एक्सेप्शनचा फक्त संदेश उचलून नवे फेकले होते, मूळ ऑब्जेक्ट कारण म्हणून जोडलेच नव्हते. जावा ८ मध्ये नल पॉइंटरला बहुधा संदेशच नसतो, म्हणून लॉगमध्ये ‘जमा फसली: नल’ एवढेच उरत होते. पैशांशी संबंध असलेल्या जागा आधी घेतल्या, अहवालांच्या नंतर.

निष्पत्ती

पुढच्या महिन्यात सर्व शाखा मिळून ११ ओळी नाकारल्या गेल्या, सगळ्या बंद खात्यांच्या. एकदाही तेरीज अडली नाही, एकही फाइल पूर्ण परत गेली नाही. नाकारलेल्या ओळीची रक्कम वसुली खात्यावर उभी राहते आणि त्याच संध्याकाळी कॅशियरला कारणासह दिसते. एका संध्याकाळी वीज जाऊन सर्व्हर अर्ध्या फाइलीत बंद पडला. फाइल पुन्हा चढवली तेव्हा आधीच्या ओळी ‘आधीच जमा’ म्हणून बाजूला झाल्या आणि उरलेल्या बसल्या.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली. पहिल्या दोन आठवड्यांत नाकारलेल्या नोंदींची यादी कोणी उघडेना. फाइल तर जमा होते आहे, मग घाई कसली? एक्सेप्शन कोडमध्ये गिळले जात होते ते आता यादीत साठू लागले. तेव्हा लेखापालांच्या सांगण्यावरून दिवसअखेरला अट घातली: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ‘परत दिले’, ‘बचत खात्यावर’ किंवा ‘सस्पेन्स’ यांपैकी काहीतरी निवडून शाखाधिकाऱ्याची मान्यता पडल्याशिवाय दिवस बंद होत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली दुरुस्ती दोन दिवसांत लावण्याची घाई टाळता आली असती. तेवढ्यापुरते प्रत्येक फाइलनंतर नावे-जमा तपासणारी एक क्वेरी चालवली असती आणि बंद खात्यांची यादी संध्याकाळी सहाला हाताने पाहिली असती, तरी संस्थेचे काम चालले असते. किमान तीन ओळींची चाचणी हवी होती: चांगली, फसणारी, पुन्हा चांगली. फसणाऱ्या ओळीच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही बसले का, हे त्याशिवाय कळत नाही.

‘पुन्हा प्रयत्न करा’ हा संदेश सरसकट दाखवायला नको होता. पुन्हा केल्याने काय होईल हे प्रोग्रामला ठाऊक नसेल तर कॅशियरला तसे सांगण्याचा त्याला अधिकार नाही. ‘फाइल जमा झाली नाही, पुन्हा चढवू नका, अमुक क्रमांकावर कळवा’ एवढे लिहिले असते तर ५६१ ऐवजी १८७ संदेश गेले असते.

एसएमएसच्या घोळानंतर ठेवीदारांना खुलाशाचा संदेश पाठवायचा की एजंटनेच तोंडी सांगायचे, यावर संस्थेत मतभेद झाले आणि शेवटी संदेश गेलाच नाही. तो त्याच रात्री जायला हवा होता.

मशीनमधली यादी दुपारी पुन्हा भरण्याची सोय अजून झालेली नाही. एजंट दिवसभर बाजारात असतो आणि ते मशीन शाखेत आणल्याशिवाय यादी बदलत नाही. तोवर सकाळी पैसे देऊन दुपारी खाते मोडणारा ठेवीदार येतच राहणार, आणि त्याची ओळ संध्याकाळी नाकारली जाणार.